अकराशे बेचाळीस वाक्यं

ऑफिसात तिला सगळे सुई म्हणत. अंगकाठी बारीक, हे एक कारण. दुसरं असं की कुणी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक असली, तर ती बरोबर त्याच जागी टोचून दाखवायची. लोक चिडायचे, पण काम दाखवायला तिच्याकडेच यायचे.

कंपनी तशी लहानच. चौदा माणसं, तीन खोल्या आणि दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलांची एक गच्ची. ज्यांना बोलता येत नाही अशांसाठी तिथे बोलयंत्रं बनत. यंत्र शाळेच्या पाटीएवढं. माणसाने आपली वाक्यं त्यात एकदा लिहून ठेवायची. मग बोटाने, डोळ्यांनी, जे काही चालत असेल त्याने निवडायची, की यंत्र ती मोठ्याने म्हणे. बाराशे घरांत ही यंत्रं बोलत होती. सुईला त्याचा अभिमान होता, फक्त ती तो बोलून दाखवत नसे.

त्या सोमवारी सकाळी तक्रारी बघणाऱ्या पोराने, म्हणजे तसा तो चाळिशीचा होता पण सगळे त्याला पोरच म्हणत, दोन पत्रांचे फोटो तिच्यापुढे ठेवले. "तू बघच," एवढंच म्हणाला.

पत्रं हाताने लिहिलेली होती, आणि अक्षर असं की छापील वाटावं. पहिल्यात लिहिलं होतं: माझ्या ताईचं यंत्र अडकलं म्हणून मी बॅटरी काढून पुन्हा घातली. त्यानंतर तिची सगळी वाक्यं गेली आहेत. तिने तीन वर्षं एका बोटाने लिहिलेली अकराशे बेचाळीस वाक्यं होती. ती परत मिळतील का? ताईची यात काही चूक नाही.

कंपनीने त्याला ठरावीक उत्तर धाडलं होतं. यंत्र चालू असताना बॅटरी काढल्यामुळे माहिती नष्ट झाली, ही वापरातली चूक आहे, पुस्तिकेचं पान सात पाहावं.

दुसरं पत्र त्या उत्तराला होतं. फार छोटं. 'आपलं उत्तर मिळालं. चूक माझी आहे हे मला माहीतच होतं. मी फक्त वाक्यांचं विचारलं होतं.'

सुईने ते दोनदा वाचलं. मग तिने वाक्यं साठवणारा प्रोग्रॅम उघडला. तो भाग कित्येक वर्षांत कुणी उघडला नव्हता. चालतंय तर कशाला हात लावा, असा सगळ्यांचा हिशेब. वाचायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नवं वाक्य आलं की यंत्र जुनी फाइल उघडायचं, ती आधी पूर्ण रिकामी करायचं, आणि मग सगळी वाक्यं, जुनी अधिक एक नवं, पहिल्यापासून पुन्हा लिहून काढायचं. रिकामं करणं आणि लिहून होणं यांच्यामध्ये एक फट होती. चाळीस-पन्नास वाक्यं असली तर ती फट डोळ्यांची पापणी लवेल एवढी. अकराशे असली तर चार सेकंद. त्या चार सेकंदांत पडदा गोठलेला दिसणार, आणि कुणीही शहाणा माणूस म्हणणार की यंत्र अडकलं. त्या क्षणी बॅटरी काढली तर जुनं गेलेलं आणि नवं आलेलंच नाही. हातात उरणार रिकामी फाइल.

म्हणजे ज्याने जास्त लिहिलं, त्याचंच जाण्याची भीती जास्त.

कुणी लिहिलंय हे, म्हणून तिने वरची नोंद बघितली. सहा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि शेजारी तिचीच आद्याक्षरं. नोकरीच्या पहिल्या महिन्यातलं काम. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत हिंडणाऱ्या सुईला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ सहा वर्षं दिसलं नव्हतं.  ती गच्चीवर गेली, टॉवेलांच्या रांगेत थोडा वेळ उभी राहिली आणि परत खाली येऊन तिने आधी त्या घरी फोन लावला.

पत्र लिहिणाऱ्या भावानेच उचलला. यंत्र त्यानंतर पुन्हा चालू केलं होतं का, हे तिला हवं होतं. एकदाच केलं होतं, तो म्हणाला. वाक्यं शून्य दिसली, तेव्हा घाबरून बंद करून कपाटात ठेवलं. ताई बोलायला काय वापरतात असं तिने विचारल्यावर तो म्हणाला की चाललंय कसंतरी. यंत्राला मुळीच हात लावू नका, मी स्वतः येते, असं तिने सांगितलं.  मग तो म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता?"

साहेबांना सांगणं भाग होतं. साहेब वाईट माणूस नव्हता. ही कंपनी त्याने आपल्या न बोलणाऱ्या मुलीसाठी काढली होती, पण बाराशे यंत्रांची काळजी करता करता एका यंत्राकडे बघायची त्याची सवय सुटली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. जा, म्हणाला, दुसरं यंत्रही सोबत ने, पण लेखी काही देऊ नकोस आणि चूक आपली असं स्वतःहून म्हणू नकोस. बाराशे घरांत घबराट होईल. सुई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन तासांचा बसचा प्रवास करून ती त्या गावी पोचली. खाली पाट्या रंगवायचं दुकान आणि वर दोन खोल्या. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं. आत भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाट्या, काहींवर खडूच्या रेघा मारून ठेवलेल्या, काहींवर नावाची पहिली दोनच अक्षरं. ब्रश डब्यात बुडवलेले होते आणि डब्यातलं टर्पेंटाइन आटून ते कडक झाले होते. ज्याचं अक्षर इतकं देखणं, त्याचे ब्रश असे, याचं तिला आश्चर्य वाटलं.

पेंटर साठीच्या अलीकडचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस होता. त्याने तिला वर नेलं. खिडकीशी, मागे कलणाऱ्या खुर्चीत त्याची ताई बसली होती. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई. स्नायूंच्या आजाराने आधी पाय गेले, मग हात, तीन वर्षांपूर्वी आवाज. आता उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलत होती, तीही एका बटणापुरती; पडद्यावर सरकत जाणारं हवं ते अक्षर आलं की दाबण्याएवढी. चेहरा मात्र पूर्ण जागा होता. सुई दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिला उगीचच आपला गृहपाठ राहिलाय असं वाटलं.

खुर्चीशेजारी एक फळी होती. पांढऱ्या रंगावर काळ्या रंगात सगळी मुळाक्षरं, काना-मात्रांसकट, सहा ओळींत रंगवलेली. इतकी रेखीव बाराखडी सुईने कधी पाहिली नव्हती. वाक्यं गेली त्याच रात्री पेंटरने बसून ती रंगवली होती. तो ओळीवरून बोट फिरवायचा. बाईंनी डोळे वर केले की हो, मिटले की नाही. एकेक अक्षर जोडत एका वाक्याला दहा मिनिटं लागत. नऊ दिवस त्या घरातलं सगळं बोलणं एवढंच झालं होतं.

"दोष माझाच आहे," पेंटरने सुरुवातच अशी केली. "ती नवं वाक्य लिहीत होती. पडदा हलेना. मी आपला अतिशहाणा, टीव्हीचा रिमोट चालेना की आपण बॅटरी काढून घालतो ना, तसं केलं. पुस्तिकेत लिहिलंय म्हणे. पान सात. मी सहा पानंच वाचली होती."

हे तो हसत सांगत होता. पण ताई जेवते आणि तो जेवत नाही, हे सुईने पत्ता विचारला तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याने सांगितलं होतंच.

तिने साहेबांचं म्हणणं एकदा मनात आठवलं आणि बाजूला ठेवलं.

"काका, बॅटरी तुम्ही काढलीत हे खरं. पण वाक्यं तुम्ही पुसली नाहीत. ती आधीच पुसलेली होती. यंत्रानेच पुसली होती, नवी लिहायच्या आधी. तसं करायला मी यंत्राला शिकवलंय. सहा वर्षांपूर्वी. ती चूक माझी आहे."

 पेंटरला नीट कळलं नव्हतं, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, फाइल रिकामी करणं, सगळं पुन्हा लिहिणं, मधले चार सेकंद. तो लक्ष देऊन ऐकत होता. रागावेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कारागिराचं नवल होतं.

"म्हणजे दुकानावरची जुनी पाटी शिडीवर चढून खरवडून टाकायची आणि तिथंच उभं राहून तिच्यावर नवी लिहायला घ्यायची, असं?"

"तसंच."

"असं कोण करतं?" तो म्हणाला. "शिडी सरकली, पाऊस आला, तर दुकान बिननावाचं. आम्ही नवी पाटी खाली दुकानात रंगवतो. जुनी वर लागलेलीच असते. नवी पुरी झाली, की ती उतरवायची आणि ही चढवायची."

सुईने मान डोलावली. आता तेच करणार आहे, ती म्हणाली. नवी यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहायची, जुनीला तोवर हातही लावायचा नाही. आणि नवी पुरी झाली की जुनीचं नाव तिला देऊन टाकायचं. नाव देणं एका झटक्यात होतं. एक तर झालं, नाहीतर झालंच नाही. त्यात अर्धंमुर्धं काही नसतं.

"वाळल्यावर ना?" पेंटरने विचारलं.

"काय वाळल्यावर?"

"रंग. गिऱ्हाईक घाई करतं, झाली ना पाटी, लाव म्हणतं. दिसायला झालेली असते. पण ओली चढवली की ओघळते, आणि जुनी तर आपण उतरवून बसलेलो."

 काल संध्याकाळीच सुईने दुरुस्ती लिहून ठेवली होती, आणि तिच्यात नेमकं हेच राहिलं होतं. यंत्राला लिही म्हटलं की ते लिहिलं म्हणून सांगतं, पण तेव्हा अक्षरं अजून हातात धरलेली असतात; खरोखर कायमच्या जागी उतरलेली नसतात. नाव आधी बदललं आणि त्या क्षणी वीज गेली, तर नव्या नावाखाली पुन्हा रिकामी फाइल. ते टाळायचं तर यंत्राला बजावावं लागतं, की सगळं जागेवर उतरव, उतरलं की मला सांग, मगच पुढे. त्याला एखादा सेकंद जास्त लागतो म्हणून तिने ती पायरी गाळली होती. या माणसाने प्रोग्रॅमची एक ओळ आयुष्यात पाहिली नव्हती.

"वाळल्यावरच," ती म्हणाली. "माझं ते राहिलं होतं."

तेवढ्यात बाईंनी घशातून बारीक आवाज काढला. पेंटर लगबगीने फळी घेऊन बसला आणि बोट फिरवू लागला. अक्षरं जुळत गेली. तेव्हा वय?

"तेवीस," सुई म्हणाली. "पहिलीच नोकरी."

पुन्हा बोट फिरलं. या खेपेला बराच वेळ लागला. पेंटर एकेक अक्षर उच्चारत होता आणि सुईचं लक्ष त्याच्या बोटावर नव्हतं, बाईंच्या चेहऱ्यावर होतं. शेवटी शब्द पुरे झाले. 'पुन्हा लिहून आण. तपासते.'

पेंटर हसला. "शाळेत असंच म्हणायची," तो म्हणाला. "वही फेकली नाही कधी कुणाची."

सुईने सोबत आणलेलं दुसरं यंत्र खुर्चीला लावून दिलं. त्यात कंपनीची ठरावीक चाळीस वाक्यं होती. मला पाणी हवं आहे. धन्यवाद. मला विश्रांती घ्यायची आहे. बाईंनी ती एकदा सगळी फिरवून पाहिली आणि मग फळीवर सांगितलं, हे सगळ्यांचं बोलणं आहे. तरी ते ठेवून घेतलं. साठवताना पडदा थांबला तर थांबू द्या, बॅटरीला हात लावू नका, असं सुई सांगू लागली, तर पेंटर म्हणाला की तो त्या खोलीतसुद्धा थांबणार नाही.

जुनं यंत्र घेऊन ती परतली. फाइल रिकामी केली म्हणून आतलं लगेच खरवडून निघत नाही. ही जागा आता मोकळी आहे, अशी नोंद तेवढी होते. नवं काही येऊन बसेपर्यंत जुनं तिथेच पडून असतं. पेंटरने यंत्र एकदाच चालू केलं होतं हे नशीब. तेवढ्यात यंत्राने सुरू होतानाच्या आपल्या नोंदी जुन्यांच्या काही जागांवर लिहून टाकल्या होत्या; बाकीचं शिल्लक असणार. तिने यंत्राच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्यात वाक्यं शोधायला दुसरा प्रोग्रॅम लावला.

पहिलं सापडलेलं वाक्य पडद्यावर आलं: 'डॉक्टर, माझ्याशी बोला. भावाशी नको. दुखणं माझं आहे.' त्याच्या खाली: 'मी मुकी आहे, बहिरी नाही. ओरडू नका.' आणि त्याच्याही खाली: 'नकाशात उत्तर नेहमी वर असतं. परीक्षेत ते शेजारच्याच्या वहीत असतं.' सुई मोठ्याने हसली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकतोय. तिने पडदा वळवून ठेवला. अख्खी वाक्यं कोणती आणि तुटकी कोणती हे यंत्रालाच ठरवू दिलं, आणि संध्याकाळी फक्त आकडे बघितले. अख्खी आठशे एकाहत्तर. तुटकी चौऱ्याण्णव. बाकीची एकशे सत्त्याहत्तर कायमची गेली होती.

मग दुरुस्ती. तिने दहा यंत्रं एका टेबलावर मांडली आणि त्यांची वीज मनाला येईल तेव्हा तोडणारी एक पेटी जोडली. यंत्रं वाक्यं साठवत राहायची, पेटी वीज तोडत राहायची, आणि प्रत्येक वेळी यादी तपासली जायची. आधी तिने मुद्दाम आपली पहिली दुरुस्ती लावून पाहिली, न वाळवता पाटी चढवणारी. चार हजार वेळा वीज तोडली, अकरा वेळा यादी रिकामी निघाली. अकरा घरं, तिच्या मनात आलं. मग तिने आधी उतरव, मग नाव दे, आणि नाव बदलल्याची नोंदसुद्धा जागेवर उतरव, अशी पुरी दुरुस्ती लावली. वीस हजार वेळा वीज तोडली. प्रत्येक वेळी यादी जुनी निघाली, नाहीतर नवी. पण अख्खी निघाली. तक्रारी बघणारा पोरगा जाता-येता त्या टेबलाशी थांबून आकडा विचारायचा. मूळ उत्तर त्याने पाठवलं होतं, त्याचं त्यालाही लागलं होतं.

सुईने अकरा आणि शून्य हे दोन्ही आकडे साहेबांपुढे ठेवले. तिथे जाऊन चूक आपली म्हणून सांगितलं, हेही सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"तो काय म्हणाला?"

"पाटी वाळल्याशिवाय चढवू नका म्हणाला."

साहेबांनी सगळं विचारून घेतलं. मग ती पेंटरची दोन्ही पत्रं मागवून घेतली आणि दुसरं पत्र वाचून खाली ठेवलं. दुपारपर्यंत त्यांनी स्वतः एक पत्र लिहिलं, बाराशे घरांसाठी: यंत्रात दोष होता, तो आमचा होता, नवी दुरुस्ती येईपर्यंत साठवताना वीज जाऊ देऊ नका, आणि आजवर ज्यांची वाक्यं गेली त्यांची त्यात काही चूक नव्हती. खाली कुणाचं नाव घालायचं असं सुईने विचारलं. माझं, साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाचं घालणार? पेंटरचं पत्र त्यांनी वेगळं लिहिलं. त्यात पान सातचा उल्लेख करून क्षमा मागितली होती.

अठरा दिवसांनी सुई पुन्हा त्या खिडकीशी बसली. आठशे एकाहत्तर वाक्यं यंत्रात भरून आणली होती. बाईंनी बटण दाबलं. यंत्राचा तो सपाट आवाज म्हणाला, "तू आधी जेव. मी कुठे पळून जाते?" पेंटर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तो आत जाऊन भांडी वाजवून आला.

तुटक्या चौऱ्याण्णव वाक्यांचं सुई स्वतः काही करणार नव्हती. अंदाजाने जोडली तर ती सुईची वाक्यं झाली असती. ती तिने कागदावर मोठ्या अक्षरांत छापून आणली होती. बाईंनी आधी ठरावीक वाक्यांतलं एक निवडलं, 'मला थोडा एकांत हवा आहे', आणि भावाकडे पाहिलं. त्याला कळलं. तो खाली गेला.

तीन दुपारी त्यांनी त्यावर काम केलं. सुई कागद धरायची, बाई पुरं करायच्या किंवा डोळे मिटून सोडून द्यायच्या. कितीतरी वाक्यं अजून कधी बोललेलीच नव्हती. वेळ येईल तेव्हासाठी लिहून ठेवलेली. त्यातलं एक होतं: 'माझ्यामुळे तुझं लग्न राहिलं असं समजू नकोस, तुला' आणि पुढे काही नाही. सुईने तो कागद खाली ठेवायला घेतला. पण बाईंची तर्जनी हलायला लागली. एकेक अक्षर उमटत गेलं. 'तसंही कुणी पसंत केलं नसतं.' बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खांदे हसण्याने हलत होते, आणि सुईचंही तसंच झालं होतं.

शेवटच्या दुपारी दुरुस्ती तपासायची होती. सुईने पेंटरला वर बोलावलं. बाई नवं वाक्य लिहितील, साठव म्हणतील, आणि पडद्यावर 'साठवत आहे' आलं की तुम्ही बॅटरी काढायची, ती म्हणाली. पेंटर मागे सरला. ते काम तुम्हीच करा, म्हणाला. मी वीस हजार वेळा केलंय, सुई म्हणाली. आता तुम्ही एकदा करा.

"नको. माझा हात लावायला नको."

बाईंनी त्याच्याकडे बघत बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "बाळ्या."

हे वाक्य, म्हणजे हा एकच शब्द, परत मिळालेल्यांपैकी होता. त्या हाकेपुढे पेंटरचं काही चालत नसावं. तो जवळ आला. बाईंनी सावकाश एक वाक्य लिहिलं; पडदा त्यांच्याकडे वळलेला होता, दुसऱ्या कुणाला दिसत नव्हता. मग साठव म्हटलं. सुईने खूण केली. पेंटरने डोळे मिटून यंत्राच्या पाठीत नख घातलं आणि बॅटरी ओढून काढली. पडदा काळा झाला.

"आता घाला."

त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. यंत्र सुरू व्हायला लागणारी वीस सेकंदं तिघांनाही फार मोठी वाटली. पडदा उजळला. वाक्यं: नऊशे अठ्ठावन्न. सकाळी होती तेवढीच. पेंटरने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

"आत्ताचं नवं नाही यात."

"ते पुरं वाळलं नव्हतं," सुई म्हणाली. "म्हणून यंत्राने जुनी यादी तशीच ठेवली. एक वाक्य पुन्हा लिहावं लागेल. बाकीच्यांना धक्का नाही."

पेंटर खाटेच्या कडेवर बसला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग तो म्हणाला की त्याला वाटलं होतं, आता ही सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायला पुरणार नाही. तेवढं तिचं आयुष्य नाही. हे वाक्य नऊ दिवस त्याच्या डोक्यात फिरत होतं, आणि नंतरही, साहेबांचं पत्र आल्यावरही.  बाईंनी त्याचं बोलणं संपू दिलं आणि तर्जनी पुन्हा कामाला लावली. सात मिनिटं लागली. या वेळी कुणी बॅटरीला हात लावला नाही. 'साठवत आहे' आलं, गेलं, आणि यंत्र बोललं.

"खाली जा आता. न्हाव्याची पाटी महिनाभर राहिलीय. तो मला खिडकीतून हात करून विचारतो."

पेंटरने बहिणीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मग कडक झालेल्या ब्रशांबद्दल काहीतरी पुटपुटत जिना उतरला.

गेलेल्या एकशे सत्त्याहत्तरांपैकी बाईंनी पुढच्या काही महिन्यांत साठ-पासष्ट वाक्यं पुन्हा लिहिली. बाकीची आठवली नाहीत, किंवा आठवली पण नको वाटली. दुरुस्ती बाराशेच्या बाराशे यंत्रांत पोचायला दोन महिने गेले. साहेबांच्या पत्रानंतर आणखी चार घरांतून कळलं, की त्यांचंही असंच गेलं होतं आणि त्यांनीही स्वतःलाच दोष दिला होता. त्या चारही घरी सुई गेली. दोन ठिकाणी थोडंफार सापडलं, दोन ठिकाणी काहीच नाही. जिथे काही सापडलं नाही तिथेही तिने सगळं सांगितलं, आणि चहा घेऊनच निघाली.